मंगलहत्ती आणि उघडे तळवे

पूर्वी अंगदेशातल्या चंपानगरीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तीच्या योनीत जन्म घेतला होता. शंखासारखा फिकट वर्ण, जमिनीला टेकणारी सोंड, आणि अंगावर कुठे म्हणून एक व्रण नाही. तो राजाचा मंगलहत्ती झाला. त्याचे नाव क्षेमंकर. पौर्णिमेच्या मिरवणुकीत तो सर्वांच्या पुढे चाले, आणि लोक त्याच्या वाटेवर लाह्या उधळीत. त्या नगरीचा नियम मात्र कडक होता. मंगलहत्तीच्या अंगावर एक जखम जरी झाली, तरी त्याचा मान त्याच दिवशी संपे. मग त्याने पाणी वाहावे, लाकडे ओढावीत. मिरवणूक त्याची नाही.

तिथल्या गजशाळेची आणखी एक रीत होती. हत्तीजवळ जाताना माहुताने समोरून जायचे, दोन्ही तळवे उघडे दाखवायचे, आणि हळू आवाजात आपण आल्याचे सांगायचे. हत्तीला उचललेला हात दिसता कामा नये. ज्याने कधी मार खाल्ला आहे, तो हत्ती पुढे कोण माणूस आहे ते पाहत नाही, नुसता वर गेलेला हात पाहतो. गजशाळेतले सगळे ही रीत जिवापाड जपत. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र ती कुणाच्या ध्यानीमनी नसे.

क्षेमंकराच्या माहुताचे नाव सोणक. पहाटे तळवे पुढे धरून तो ठाणात शिरे आणि म्हणे, "उठलात का महाराज? झोप झाली का? डोळे उघडा बघू. कोवळा ऊस आणलाय." हे बोलणे शेजारच्या झोपडीत त्याच्या बायकोला, सुलसेला, चुलीपाशी ऐकू येई.

"पुढच्या जन्मी हत्तीणच होते बाई," ती भाकरी उलटता उलटता म्हणे, "म्हणजे चार गोड शब्द माझ्याही वाट्याला येतील."

त्यांची मुलगी उत्पला हे ऐकून हसे. ती आठ वर्षांची होती. हसता हसता ती दाराकडे कान देई, कारण बापाच्या पावलांवरून त्याचा राग ओळखायला ती शिकली होती. पावले टाच आपटत आली की तिने काही केलेले असो वा नसो, ती मागच्या दाराकडे बघे. दाराच्या आडोशाला वेताची एक छडी खोचलेली असे. सोणक दुष्ट नव्हता. ताप आला की तोच रात्रभर तिच्या उशाशी बसे. पण चूक झाली की मारायचे, मारले की मूल वळणावर येते, असे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते, आणि ते त्याने कधी तपासून पाहिले नव्हते.

कौमुदी पौर्णिमेचा दिवस होता. संध्याकाळी मिरवणूक. क्षेमंकराच्या कपाळावर कमळ काढायचे म्हणून राजवाड्यातून चंदनाच्या तेलात कालवलेला शेंदूर आला होता, काशाच्या वाडग्यात, रेशमी वस्त्राने झाकून. सुलसेने तो कोनाड्यात ठेवला. तिचे त्या दिवशी उपोसथाचे, कुणाला इजा न करण्याचे, व्रत होते. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ती अंगणातसुद्धा खाली बघत चालत होती.

उत्पलेच्या मनात एकच आले. क्षेमंकराच्या कपाळावर एक ठिपका, फक्त एक, आपण आपल्या बोटाने लावावा. तिने वाडगा दोन्ही हातांत धरला, उंबरठा ओलांडला, आणि सारवलेल्या ओल्या जमिनीवरून तिचा पाय सरकला. काशाचा आवाज झाला. सगळा शेंदूर मातीत पसरला.

सुलसा धावत आली. आधी तिने जमिनीकडे पाहिले, मग पोरीकडे. तिचा हात वर गेला आणि व्रत आठवून खाली आला.

"आज माझा उपोसथ आहे," ती म्हणाली. "मी हात लावायची नाही. येऊ देत तुझे बाबा."

एवढे बोलून ती शेंदूर खरवडू लागली. आपण मारले नाही, व्रत सांभाळले, असे तिला मनापासून वाटले. उत्पला भिंतीला टेकून बसली. ऊन अंगणातून सरकत सरकत कुंपणापर्यंत गेले. कुणी तिला रागावले नाही, कुणी तिच्याशी बोलले नाही. दाराआडची छडी बसल्या जागेवरून तिला दिसत होती. घशाला कोरड पडली तरी ती पाणी प्यायला उठली नाही. गजशाळेतून कुणाचेही पाऊल वाजले की ती श्वास धरी. पाऊल पुढे निघून जाई आणि पुन्हा वाट बघणे सुरू होई. मार दोन क्षणांचा असतो. हे वाट बघणे दुपारभर चालले.

मग टाच आपटत पावले आली.

बाहेरच कुणीतरी सोणकाला शेंदराचे सांगितले होते. तो आला तो थेट दाराआड हात घालून. छडी हातात घेऊन वळतो तर भिंतीपाशी कुणी नाही. मागचे कुडाचे दार हलत होते.

"उत्पले!" तो ओरडला. "जाशील कुठे जाऊन जाऊन?"

त्याने गवताच्या गंजीमागे पाहिले. मागच्या खेपेस ती तिथेच लपली होती. त्याने "ये, मारत नाही" म्हणून तिला बाहेर बोलावले होते, आणि ती आल्यावर मारले होते. आज गंजीमागे कुणी नव्हते. विहिरीपाशी नव्हते. सुलसा मागून येत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"अहो, जरा हळू हाक मारा."

"तूच लाडावून ठेवलीयस तिला."

इतक्यात म्हातारा माहूत गोधिक पलीकडून येताना दिसला. तो पळत नव्हता. दबक्या पावलांनी येत होता, आणि हीच भयाची गोष्ट होती. त्याने ओठांवर बोट ठेवले.

"सोणका," तो कुजबुजला, "ओरडू नकोस, बाबा. तुझी पोर चंडकाच्या ठाणात आहे."

चंडक हा रानातून नवा धरून आणलेला हत्ती होता. ज्यांनी त्याला धरले त्यांनी त्याला मारून मारून वश करायला पाहिले होते, आणि ते साधले नव्हते. आता तो मदात आला होता. त्याच्या गंडस्थळातून काळा मद वाहत होता. त्याला शेवटच्या ठाणात साखळदंडाने बांधले होते आणि चारा लांब बांबूने आत सरकवीत. तिथे माहूतही जात नसत. पोरीने नेमके तेच ठाण निवडले होते. गजशाळेत तेवढी एकच जागा अशी होती, जिथे तिचा बाप येणार नाही.

चंडक पाठीवर धूळ उडवीत पाठमोरा उभा असताना ती भिंतीच्या कडेने आत सरकली होती आणि मागच्या दगडी गव्हाणीच्या आड मुरून बसली होती. आता त्याला तिचा वास लागला होता. सोंड गव्हाणीच्या काठावरून फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

सोणक दारापाशी पोहोचला. गव्हाणीआड त्याला तिच्या परकराचा काठ दिसला. त्याच्या तोंडातून सवयीचा आवाज निघाला.

"उत्पले! बाहेर ये! ये म्हणतो ना!"

परकराचा काठ आत ओढला गेला. चंडक गर्रकन वळला. त्याला दारात माणूस दिसला आणि माणसाच्या वर गेलेल्या हातात छडी दिसली. त्याने साखळीला असा हिसका दिला, की खांबाच्या बुडाची माती फुटली.

"मारत नाही ग, ये!" सोणक म्हणाला. आवाज फाटला होता.

गव्हाणीआडून बारीक आवाज आला. "मागच्या वेळीपण असंच म्हणाला होतात."

गोधिकाने मान खाली घातली. सुलसेने पदर तोंडात कोंबला. खांब पुन्हा हादरला.

तेव्हा क्षेमंकर आपल्या ठाणातून निघाला. मंगलहत्तीला साखळी नसे. गळ्यात घंटा अजून बांधलेली नव्हती, त्यामुळे एवढे मोठे शरीर आवाज न करता येऊन उभे राहिले. त्याने सर्वांना पाहिले, आणि मग तो चंडकाच्या ठाणात शिरला. तो चंडकाहून बलवान होता. सुळ्याच्या एका धक्क्याने तो त्याला पाडू शकला असता. पण त्या अरुंद जागेत दोन हत्ती झुंजले तर गव्हाणीचा चुरा होईल, हे त्याला दिसत होते. म्हणून तो झुंजला नाही. आपली कूस त्याने चंडक आणि गव्हाण यांच्या मधे घातली आणि भिंतीसारखा उभा राहिला.

चंडकाचा सुळा त्याच्या कुशीत शिरला.

क्षेमंकर ओरडला नाही. ओरडलो तर मूल आणखी घाबरेल, असे त्याच्या मनात आले. ज्या अंगावर कधी ओरखडा नव्हता, त्यावरून रक्ताची धार निघाली. त्या संध्याकाळचा मान, पुढच्या सगळ्या पौर्णिमा, त्या धारेबरोबर वाहून गेल्या. त्याला ते कळले आणि त्याने पाऊल मागे घेतले नाही.

त्या काळी बोधिसत्त्व पशूच्या जन्मात असला तरी वेळ पडल्यास माणसाच्या वाणीने बोले. तो हळू म्हणाला, "सोणका, रोज सकाळी माझ्याजवळ जसा येतोस, तसा तिच्याजवळ ये."

"महाराज, तुमचं रक्त—"

"माझं राहू दे. मी उभा आहे. पण हा खांब किती वेळ टिकेल, ते मला ठाऊक नाही."

"मी तिचा बाप आहे, महाराज. तिच्या भल्यासाठीच मारतो. माझ्या बापानं मला मारलं, म्हणून मी माणसात आलो."

"त्याची चाहूल लागली, की तू कुठे लपायचास?"

 सोणकाच्या डोळ्यांपुढे एक झाड आले. कितीतरी वर्षांत त्याने त्याची आठवण काढली नव्हती.

"नदीकाठच्या जुन्या पिंपळाच्या ढोलीत," तो म्हणाला. "तिथे साप असायचे."

"सापांचं भय वाटत नसे?"

"वाटायचं."

"मग?"

 सोणकाने गव्हाणीकडे पाहिले. मग चंडकाकडे. मग आपल्या उजव्या हाताकडे, जो अजून वरच होता. तो त्याने खाली आणला. छडी बोटांतून निसटली. आवाज होऊ नये म्हणून सुलसेने ती वरच्या वर झेलली आणि मागे गवतात सरकवली.

सोणक जमिनीवर बसला. दोन्ही तळवे त्याने पुढे केले.  लेकीशी गोड बोलायला तोंड उघडले, तर त्याला शब्दच सापडेनात. हत्तीसाठी रोज आपोआप येणारे शब्द होते. लेकीसाठी त्याच्याजवळ एकही तयार नव्हता. शेवटी होते तेच त्याने वापरले.

"उठलात का, बाईसाहेब?" तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होते. "झोप झाली का? डोळे उघडा बघू. कोवळा ऊस आणलाय."

 चंडकाचा कान हलला आणि थांबला. हा आवाज रोज पहाटे चार ठाणांपलीकडून त्याच्याही कानी येत असे.

"ते तुम्ही क्षेमंकराला म्हणता," गव्हाणीआडून आवाज आला.

"हो. आता तुला म्हणतोय."

"छडी कुठेय?"

"माझ्याजवळ नाही. हे बघ हात."

सुलसा त्याच्या शेजारी येऊन बसली. "उत्पले," ती म्हणाली, "मीच तुला दुपारभर भयात बसवलं. 'येऊ देत तुझे बाबा' असं मी आता कधी म्हणायची नाही. सांडलं ते आपण दोघींनी पुसून टाकलं असतं, बस्स."

 सोणकाला वाटले, उठावे, धावावे, तिला ओढून काढावे. त्याचा एक गुडघा जमिनीवरून सुटलाही.

"थांब," क्षेमंकर म्हणाला. त्याचा श्वास आता जड झाला होता. "तिला येऊ दे."

सोणक थांबला. आयुष्यात त्याने इतके अवघड काम केले नव्हते. रक्त ठिबकत होते. खांब करकरत होता. त्याने तळवे उघडे ठेवले, आणि तेच शब्द पुन्हा, तितक्याच हळू, म्हणत राहिला.

परकराचा काठ हलला. मग एक हात दिसला. उत्पला रांगत क्षेमंकराच्या पायांमधे आली. त्याच्या पोटाखालून येताना रक्ताचा एक थेंब तिच्या कपाळावर पडला. ती थबकली. वर पाहिले. हत्तीने तिच्यासाठी पाय आणखी फाकवले. ती दारापर्यंत आली आणि बापापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. तळव्यांकडे पाहिले. एक बोट पुढे करून तिने त्याच्या तळव्याला लावून बघितले, चुलीवरचे भांडे तापले आहे का बघतात तसे. मग ती त्याच्या कुशीत शिरली.

क्षेमंकर मागे सरकत बाहेर आला. चंडक मधल्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. आपण मारूनही आपल्याला कुणी मारले नाही, हे त्याने प्रथमच पाहिले होते. त्याने साखळी ओढली नाही.

त्या संध्याकाळी मिरवणुकीच्या पुढे दुसरा हत्ती चालला. राजाला दुःख झाले, पण नियम तो नियम. सोणकाने राजापुढे जाऊन "दोष माझा" म्हणून सांगितले. राजा त्याला म्हणाला, "नवा मंगलहत्ती तू सांभाळ." सोणकाने हात जोडून नकार दिला आणि तो क्षेमंकरामागे नदीच्या घाटावर गेला. तेव्हापासून क्षेमंकर नगरीला पाणी वाहू लागला. कुशीतली जखम भरली, खूण राहिली. गावातली पोरे त्या खुणेवर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत.

सोणक त्या एका दिवसात बदलला, असे कुणी समजू नये. हात वर्षानुवर्षे वर जायला शिकलेला होता. पुढेही तो कितीदा वर गेला. वर गेला, की सोणक तसाच घाटावर जाई, क्षेमंकरापुढे उभा राही आणि हात उघडी. हत्ती त्यात सोंडेचे टोक ठेवी. रागावत नसे, उपदेश करीत नसे. राग ओसरला, की सोणक घरी जाऊन पोरीला म्हणे, "मघाशी मी ओरडलो, ते नीट केलं नाही. आता सांग, काय झालं?" सुलसा पौर्णिमेचे व्रत घेताना डोळे मिटून एक वाक्य जास्त म्हणू लागली. 'कुणाला भय घालणार नाही' असे ते वाक्य होते. एखाद्या दिवशी मोडे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घेई.

एकदा पहाटे सोणक घाटावर क्षेमंकराला अंघोळ घालीत होता. वरच्या पायऱ्यांवर काहीतरी फुटल्याचा आवाज आला. त्याने मान वर केली. घरची सर्वांत मोठी घागर, सुलसेच्या माहेरची, पायऱ्यांवरून तुकडे होऊन घरंगळत होती. वर उत्पला उभी होती.

सोणकाच्या कानशिलात रक्त चढले. क्षेमंकराच्या पाठीवरचा त्याचा हात आवळला. आता ती पळेल, असे त्याला वाटले, आणि त्या विचारानेच त्याच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. दगडी गव्हाण, परकराचा काठ.

उत्पला पळाली. पण पळाली ती पायऱ्या उतरून त्याच्याकडे.

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "माझ्या हातून घागर फुटली. आणि माझं बोट कापलंय."

सोणकाने ओले तळवे उघडले, आणि तिने आपले रक्ताळलेले बोट त्यात ठेवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या विहारात सांगितली, तेव्हा समोर एक विणकर आणि त्याची बायको बसली होती. मागातला धागा तुटला म्हणून बापाने मारले, आणि त्यांची धाकटी मुलगी विहाराच्या लाकडांच्या ढिगाआड लपून बसलेली भिक्षूंना सापडली होती. आता ती विहाराच्या एका खांबाआड उभी होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोणक तो हा विणकर. सुलसा ती ही त्याची पत्नी. मदात आलेला चंडक आज आपल्यातच शांत बसलेला भिक्षू आहे. तो स्वतःला ओळखतो. उत्पला ती या खांबाआडची मुलगी. आणि क्षेमंकर हत्ती मीच होतो. मान गेला, कूस फाटली, तरी ज्या बळावर मी तिथे उभा राहिलो, ती क्षांती, म्हणजे सहनशीलता. आणि ज्या बळावर मूल आपल्या पायांनी बाहेर आले, ती मैत्री, म्हणजे सर्वांविषयीचा प्रेमभाव. या दोन्ही पारमिता, बोधीकडे नेणारे हे गुण, घरातच वाढतात, गृहस्था."

मुलगी अजून खांबाआडच होती. विणकराने तिला हाक मारली नाही. तो होता तिथे बसून राहिला, आणि त्याने आपले दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले.